एरो कॅप: समृद्धीवर कामाच्या, शहरात शोभेच्या?

वॉटमोजणी
ईव्हीच्या (विजेवरच्या गाडीच्या) अलॉय चाकांवर हवेचा रोध कमी करायला प्लास्टिकची झाकणं, म्हणजे एरो कॅप, येतात; त्या काढून ठेवायची टूम निघाली आहे. ‘दिसायला भिकार, रेंजला (एका चार्जमध्ये कापायच्या अंतराला) फरक शून्य’ हे त्याचं समर्थन. माझं मत: गाडी महामार्गावर पळणार असेल तर कॅप काढू नका.

हवेच्या एकूण रोधातला साधारण चौथा हिस्सा चाकं आणि त्यांच्या कमानींचा असतो. चाकाचा वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो, आणि उघडे आरे पंख्यासारखे हवा घुसळतात. त्या पंख्याचं बिल बॅटरीच भरते.

माणसांसकट १६०० किलोची छोटी एसयूव्ही घ्या. रोध गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडतो त्याचा आकडा) गुणिले समोरचं क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर धरा. ताशी १०० किमीला हवेचा रोध ३५५ न्यूटन, टायरचा १४० च्या आसपास. कॅपमुळे हवेचा रोध ४ टक्के घटला असं मानलं, तर १४ न्यूटन, म्हणजे दर किमीला ४ वॉट-तास वाचले. एकूण गरजेच्या जवळपास ३ टक्के. ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने टेस्लाच्या मॉडेल ३ वर कॅप लावून आणि काढून मोजलं, तेव्हा ३.४ टक्के फरक आला होता. शून्य नव्हे.

खड्डेशास्त्र
गणित बरोबर, पण वेग सोयीचा निवडलात. तीच गाडी ताशी ४० ने चालवा: हवेचा रोध ५७ न्यूटन, त्याचे ४ टक्के म्हणजे अडीच न्यूटनसुद्धा नाही. आणि ट्रॅफिकमध्ये सरासरी २० किमी पडली, एसी १ किलोवॉट खात असला, तर एकटा एसी दर किमीला ५० वॉट-तास घेतो. तिथे कॅपचे अर्धा-पाऊण वॉट-तास कोण मोजणार?

उलट त्रास किती! पंक्चरवाला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो, की क्लिप तुटली. एक क्लिप गेली की कॅप थोडी फिरते आणि व्हॉल्व्हला घासते. पावसाळ्यात आत चिखल साचून वाळला की ८०-१०० ला स्टीअरिंग थरथरतं, लोक बॅलन्सिंगला पैसे घालतात आणि चिखल आतच असतो.

रेंजच हवी असेल तर समृद्धीवर १२० ऐवजी १०० ने जा. हवेचा रोध ५११ वरून ३५५ वर येतो. बॅटरीत वापरता येण्याजोगे ४० युनिट असतील, तर मोटरचे नुकसान आणि एसी धरून १२० ला जेमतेम १९० किमी, १०० ला २४० च्या पुढे. कॅप तुम्हाला देणार पाच-सहा किमी.

रबर_आणि_रिम
दोघेही हवेतच भांडताय. टायरकडे बघा. युरोपच्या टायर-लेबलात रोलिंग रेझिस्टन्सचा (टायर फिरताना होणाऱ्या रोधाचा) ‘सी’ वर्ग ९ न्यूटन प्रति किलोन्यूटनपर्यंत, ‘बी’ ७.७ पर्यंत आणि ‘ए’ ६.५ किंवा कमी. याच गाडीला ९ ऐवजी ७ चा टायर लावला तर ३१ न्यूटन वाचतात. दर किमीला जवळपास ९ वॉट-तास, म्हणजे १०० च्या वेगाला कॅप जे देते त्याच्या दुप्पट. आणि हे वॉट-तास शहरातही वाचतात, कारण टायरचा रोध वेगाने फारसा बदलत नाही. बहुतेक जण मूळ टायर झिजल्यावर दुकानदार देईल तो बसवतात आणि मग ‘बॅटरी उतरली’ म्हणून ओरडतात. फक्त ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा वर्ग बघून घ्या, आपल्या पावसात तो आधी.

वॉटमोजणी
टायर मान्य. पण तो बदलायला पैसे पडतात, कॅप गाडीबरोबर आलेली आहे. आणि चाकाचा परिणाम किती मोठा असू शकतो ते २०२३ च्या ह्युंदाई आयोनिक ६ वर दिसतं. तीच बॅटरी, तीच मागची एक मोटर; ईपीए या अमेरिकी सरकारी संस्थेची रेंज १८ इंची चाकावर ३६१ मैल, २० इंचीवर ३०५.

रबर_आणि_रिम
हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातं, राव! तिथे २२५/५५ आर१८ ऐवजी २४५/४० आर२० मापाचा टायर आहे. टायर २० मिमी रुंद, रिम मोठी. वरच्या ट्रिमचं (महागड्या आवृत्तीचं) वजनही त्यात आलं. ते ५६ मैल एकट्या झाकणाच्या खात्यावर मांडू नका. धडा घ्यायचाच तर हा: हौसेने मोठी अलॉय चढवू नका.

घाटउतार
ब्रेकचं कुणी बोललंच नाही. चाक झाकलं की डिस्कला हवा कमी. लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून बोरघाट उतरायला लागलात तर भरलेली बॅटरी रीजन (वेग कमी करताना मोटरने परत केलेली वीज) घेत नाही, सगळा भार ब्रेकच्या पॅडवर.

वॉटमोजणी
धोका खरा, पण तो चार्जचा आहे. १६०० किलो साडेपाचशे मीटर उतरले की सुमारे २.४ युनिट ऊर्जा सुटते. बराचसा भाग हवा आणि टायर खातात, उरलेला ब्रेकला. ८५-९० टक्क्यांवर थांबलात तर तो रीजनमध्ये जातो, वर फुकट चार्ज. कंपनीच्या कॅपला हवेसाठी खाचा ठेवलेल्या असतात. बाजारातली सपाट ‘युनिव्हर्सल’ झाकणं झिप टायने बांधू नका, एवढं मात्र बजावून सांगतो. समृद्धीच्या वेगात एखादं सुटलं तर मागच्या गाडीवर जाईल. कंपनीची कॅपही हाताने दोन बाजूंनी धरून सरळ ओढायची, आणि बसवताना व्हॉल्व्हची खाच आधी जुळवायची.

खड्डेशास्त्र
तरी आकडा पटवायचा असेल तर मोजून दाखवा, आणि नीट मोजा. सकाळी कॅपसह, दुपारी कॅपविना, असले प्रयोग नकोत. तापमान १० अंशांनी चढलं की हवा ३ टक्क्यांहून जास्त विरळ होते. तुमचा अख्खा फरक त्यातच बुडाला. समोरून ताशी १० किमीचा वारा असेल तर १०० च्या वेगाला हवेचा रोध २१ टक्के वाढतो. थंड टायरात दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा, क्रूझ कंट्रोल १०० वर, एसी एकाच आकड्यावर, २० किमी जा आणि तेवढंच परत या. आधी कॅपसह, मग कॅपविना, मग पुन्हा कॅपसह. पहिली आणि तिसरी फेरी जुळली नाही तर आकडे टाकून द्या.

वॉटमोजणी
कबूल. फक्त ट्रकच्या मागे चालवायचं नाही, तेही लिहा. तिथे हवा ट्रकच कापतो; कॅप असो नसो, आकडा छानच येतो.