सल्ला हवा: १९६६ ची मस्टँग, ३५१ विंडसर, बॉनेट लागत नाही. फाउंडेशन बदलून इंजिन खाली घ्यावे का?

मंडळी, गाडी १९६६ ची मस्टँग कूपे. मूळचे २८९ घन इंचाचे इंजिन काढून ३५१ घन इंचाचे विंडसर (फोर्डचेच व्ही-८) बसवले आहे. एअर क्लीनरचे झाकण बॉनेटच्या आतल्या पट्टीला टेकते. बॉनेट कापायचे नाही, स्कूपही (बॉनेटवरचा उंचवटा) नको. कमी उंचीची इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यांवर टेकते ते रबरी आधार) घेतली तर काम भागेल का? रबरची घ्यावीत की पॉलियुरेथेनची?

प्रतिसाद १
अडचण ब्लॉकच्या उंचीत आहे. २८९ चा डेक (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची) ८.२ इंच, ३५१ विंडसरचा ९.५. फरक १.३ इंच. सिलिंडरच्या दोन रांगांमधला व्ही ९० अंशांचा असल्यामुळे सरळ वर साधारण ०.९ इंच वाढते आणि दोन्ही बाजूंना तेवढेच बाहेरही. त्यामुळे इंजिन खाली घेताना शॉक टॉवर (इंजिनच्या दोन्ही बाजूंचे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर धरणारे पत्र्याचे उंचवटे) आणि एक्झॉस्टमधली फटही तपासा.

खरेदीआधी मोजणी करा. एअर क्लीनरवर चार ठिकाणी मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, बॉनेट हलके टेकवा, गोळे कापून जाडी पाहा. बॉनेट लागलेच नाही, तर ते किती वर राहते तेही मोजा. उभ्या गाडीत निदान पाऊण इंच मोकळे हवे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ड्रायव्हरच्या बाजूने (अमेरिकन गाडीत डावीकडून) इंजिन उचलते, कारण क्रँक समोरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि ब्लॉक उलटा ढकलला जातो. १९७१ मध्ये शेव्हरोलेच्या सुमारे ६७ लाख गाड्या याच कारणाने परत बोलवाव्या लागल्या होत्या: फाउंडेशनचे रबर सुटायचे, इंजिन उचलायचे आणि थ्रॉटल ओढला जायचा.

प्रतिसाद २
एक गोष्ट सुटते. जुने रबर दबलेले असेल तर इंजिन आधीच खाली बसलेले असते. त्याच उंचीचे नवे टाकले की ते उलट वर येते! म्हणून जुन्या फाउंडेशनवर विसंबू नका. ब्लॉकला टेकणाऱ्या पत्र्यापासून मधल्या बोल्टच्या केंद्रापर्यंतचे माप विक्रेत्याकडून मागून घ्या.

आता खालची बाजू. अर्धा इंच खाली घेतले की ऑइल चेंबर (इंजिनखालचे तेलाचे भांडे) स्टिअरिंगच्या मधल्या दांड्याजवळ येतो. चाके जमिनीवर ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि पाहा. पाव इंचापेक्षा कमी फट उरली तर तेवढे खाली घेऊ नका. फॅन आणि त्याचा श्राउड (भोवतीचे आवरण), क्लचची आडवी दांडी, एक्झॉस्ट आणि स्टिअरिंग बॉक्स हेही पाहायचे.

प्रतिसाद ३
अँगल विसरू नका. पुढचे आणि मागचे फाउंडेशन ३६ इंच अंतरावर धरले, तर पुढून अर्धा इंच उतरवल्यावर इंजिनचा मागचा कल ०.८ अंशाने कमी होतो. कल ४ अंश होता तर ३.२ झाला. डिफरन्शियलचा पिनियनही (प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो तो दांडा) वर तेवढाच कललेला हवा. नाहीतर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) महामार्गावर गुणगुणतात आणि लवकर जातात. पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर टाकून तो जुळवता येतो.

करायची पद्धत: बॅटरीचे निगेटिव्ह काढा, एअर क्लीनर काढा, श्राउड सैल करा, थ्रॉटलची दांडी सोडवा. उचलायला हॉइस्ट उत्तम. जॅकच लावायचा असेल तर चेंबरखाली रुंद जाड फळी हवी, नाहीतर पत्रा आत जातो आणि तेलाच्या पंपाची जाळी दबते. एकावेळी एकच बाजू बदला. सगळे बोल्ट हातानेच लावून इंजिन पूर्ण टेकवा, दोनतीनदा हलवून बसू द्या, मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. लोंबकळत्या इंजिनवर आवळले की रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते. ५०० मैलांनी पुन्हा टॉर्क तपासा.

प्रतिसाद ४
रबर घ्या. रस्त्यावरच्या गाडीत पॉलियुरेथेनची थरथर केबिनमध्ये येते. पुढे रबर आणि गिअरबॉक्सखाली मात्र घट्ट धातू, अशी जोडी टाळाच, गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियम शेपटीला तडा जातो. ब्रॅकेटला नवी भोके पाडायचीच असतील तर भोकाचे केंद्र कडेपासून बोल्टच्या व्यासाच्या निदान दीडपट आत ठेवा.

आणि आधी खोल तळाचा, म्हणजे कार्ब्युरेटरभोवती खाली बसणारा, एअर क्लीनर लावून पाहा. तळ कार्ब्युरेटरच्या दांड्यांना लागत नसेल, चोकची झडप पूर्ण उघडत असेल आणि झाकण कार्ब्युरेटरच्या तोंडावर दबत नसेल, तर फाउंडेशनला हात लावायची गरजच पडणार नाही. तेवढ्याने थोडेच कमी पडले, तर जेवढे कमी पडेल तेवढेच इंजिन खाली घ्या.