गोचीड तापावर एकच सुई किती दिवस पुरायची? नवं औषध शोधायला पैसा घालावा का नाही

उदगीरचा_दूधवाला
मागच्या महिन्यात माझी एचएफ (होल्स्टीन, परदेशी जातीची) गाय गेली, दुसऱ्या वेताची, दिवसाला सोळा लिटर द्यायची. सकाळी गव्हाणीत तोंड घालीना म्हणून अंगाला हात लावला तर तव्यासारखी तापलेली, ताप १०६, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी. डॉक्टर दुपारी आले, स्लाईडवर थायलेरिया, म्हंजे गोचिडातून येणारा या तापाचा जंतू, निघाला, लगेच बुपारवाक्वोनची सुई दिली. चौथ्या दिवशी पापणी उलटून बघितली तर आतून कागदासारखी पांढरीफटक. सहाव्या दिवशी गाय संपली. सुई वेळेवर दिली होती अन् खुराकात बी कमी नव्हतं. माझं म्हणणं एवढंच हाय की या रोगावर खऱ्या भरवशाचं औषध एकच, ते बी १९८० च्या दशकातलं, अन् आपण नुसते फवारे मारत बसलोय, तर नवं औषध शोधायला पैसा कामून घालत नाहीत? पटलं नाही तरी लिहा.

कंधारचा_शेतकरी
भाऊ, गाय गेल्याचं लई वाईट वाटलं. पण औषधाचं मला पटत नाही. माझ्याकडं सात लाल कंधारी, म्हणजे इथल्याच देशी जातीच्या गाई, हायेत, गोचीड त्यांना बी लागतं, एखादीला दोन दिवस ताप येतो अन् उतरतो, दावणीला मेलेली एक बी नाही. तुमच्या उदगीरकडं देवणी ही देशी जात हाय, तिचं बी तसंच. रोग इथला अन् गाय परदेशातली, तिच्या रक्ताला या जंतूची ओळखच नाही. अन् नवं औषध आलं तरी जंतू त्याच्यावर तोड काढणारच की. ट्युनिशिया अन् इराणात या सुईला न जुमानणारा थायलेरिया सापडलेला हाय. म्हणजे पुन्हा वीस वर्षांनी हाच धागा काढायचा का?

उदगीरचा_दूधवाला
लाल कंधारीच्या दुधावर डेअरीचा हप्ता फिटत नाही मामा. देशी पाळा म्हणणं सोपं हाय, माझ्या दावणीला आज चार संकरित हायेत त्यांचं काय करू ते सांगा.

परजीवीवाला_परभणी
मी परभणीला परजीवीशास्त्रात एमव्हीएससी करतोय, रोज याच स्लाईड बघतो, त्यामुळे जरा लांबण लागेल. सुजलेल्या गाठीत सुई घालून थेंबभर पाणी काढायचं, काचेवर पसरून गिम्सा रंग द्यायचा, मग पांढऱ्या पेशीच्या पोटात निळसर ठिपक्यांचा पुंजका दिसतो, तो थायलेरिया. आता बघा, पांढरी पेशी म्हणजे शरीराचा शिपाई, आणि हा जंतू शिपायाच्याच घरात जाऊन बसलाय! आत शिरताना पेशीचा जो पडदा त्याच्याभोवती येतो तो विरघळवून टाकतो, आणि पेशी दोन होताना तिचे गुणसूत्र ओढणारे जे धागे असतात ना त्यांनाच स्वतःला बांधून घेतो, म्हणजे पेशीच्या दोन झाल्या की हाही दोन्हीकडे वाटला जातो, बाहेर पडायची गरजच नाही, आणि बाहेर येत नाही तोवर रक्तातल्या अँटिबॉडीला तो सापडणार कसा? वरून तो पेशीला मरू देत नाही, ती कॅन्सरसारखी वाढतच राहते. गाठ सुजते ती यामुळेच.
पण खरी गोष्ट पुढे आहे. औषधाने आतला जंतू मारला की तीच पेशी पुन्हा साधी होते आणि आपली आपण मरते. म्हणजे सगळी कळ जंतूच्याच हातात होती. २०१५ मध्ये त्यातली एक कळ सापडली, टीएपिन१ नावाचं प्रोटीन, जंतू ते गाईच्या पेशीत सोडतो, आणि बुपारवाक्वोन जाऊन त्यालाच चिकटतं. त्या प्रोटीनमध्ये एक बदल झाला की औषध तिथं बसत नाही. जंतूच्या सायटोक्रोम बी नावाच्या दुसऱ्या प्रोटीनमध्येही असेच बदल सापडलेत. कंधारच्या मामांचं बरोबर आहे, जंतू तोड काढतो, पण ती नेमकी कुठं काढली ते कळलं तरच दुसऱ्या जागी घाव घालता येतो, आणि ते शोधल्याशिवाय कसं कळणार?

लातूरची_गोठेवाली
दादा, समजावलंत छान, पण मी तुमच्या विरोधात आहे. लस आहे की! रक्षावॅक-टी, हैदराबादच्या कंपनीची, किती वर्षं झाली. माझ्या तालुक्यात मी तीनदा मागितली, तीनदा ऐकलं की लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते म्हणून मिळत नाही. अहो रेतनवाला दर आठवड्याला तोच नायट्रोजनचा कॅन मोटारसायकलला बांधून माझ्या गोठ्यात येतो ना? त्यात सीमेन येतं तर लस का येत नाही? जे तयार आहे ते वासरापर्यंत पोचेना आणि आपण नवीन कळ शोधायला पैसे मागायचे, हे माझ्या डोक्यात बसत नाही.
आणि सुईने बरी झालेली गाय रक्तात जंतू घेऊन फिरते. अंड्यातून निघालेलं गोचिडाचं पिल्लू कोरं असतं, ते तिचं रक्त पिऊन रोग घेतं, कात टाकतं आणि पुढच्या गाईला देतं. गोचीड राहिलं तर औषध कितीही नवं आणा.

परजीवीवाला_परभणी
ताई, कॅनचं तुमचं शंभर टक्के खरं, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण ती लस तरी कुठून आली? आजारी गाईच्या त्याच पेशी प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने वाढवत नेल्या तेव्हा जंतूचा जोर उतरला, त्याची लस झाली. तेव्हा कुणी म्हटलं असतं की आधी गोचीड मारा, तर आज मागायला लसही नसती. दुसरं सांगतो, सर्रा, म्हणजे चावणाऱ्या माशांतून जनावरांना होणारा जंतूचा रोग, माणसाला सहसा का होत नाही? आपल्या रक्तातलं एक प्रोटीन तो जंतू फोडतं. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला सर्रा झाला, तपासलं तर त्याच्या रक्तात नेमकं तेच प्रोटीन काम करत नव्हतं. शरीर जंतूला कुठं मारतं हे असं कळतं, औषधाची जागाही तिथूनच हाती लागते.

कंधारचा_शेतकरी
मग लाल कंधारी थायलेरियाला कुठं मारती ते शोधा की! त्याला पैसा मागा, मी बी तुमच्यासंगं येतो. पण कंपनीच्या बाटलीसाठी नाही.

उदगीरचा_दूधवाला
ताई, रेतनवाल्याला आजच विचारतो कॅनचं. औषधाचं मात्र मी सोडत नाही, आजारी पडलेल्या गाईला लस काय कामाची?

लातूरची_गोठेवाली
विचारा. आणि गोठ्याच्या भिंतीला भेगा असतील तर मातीच्या असोत नाहीतर विटांच्या, सिमेंटने बुजवा, हे गोचीड दिवसा तिथंच लपतं. माझ्या भिंतीत बोटभर भेगेतून मूठभर निघाली होती. आणि गेलेल्या गाईच्या शेजारी कोण बांधलेली होती? तिचा ताप रोज बघा.