कृष्णविवर वयापेक्षा मोठं निघालं, तर चूक कुणाची?

रात्रपाळी: जे०३१३-१८०६ हा क्वेसार (वायू गिळणाऱ्या महाकाय विवरामुळे झगमगणारा दूरच्या दीर्घिकेचा गाभा) २०२१ साली जाहीर झाला. त्याच्या पोटातलं कृष्णविवर सूर्याच्या १६० कोटी पट जड, आणि आपल्याला दिसतंय ते महास्फोटानंतर जेमतेम ६७ कोटी वर्षांनीचं. आता वहीत मांडून बघा. आत पडणारा वायू तापून इतका उजेड फेकतो की मागून येणारा वायू बाहेर ढकलला जातो (एडिंग्टन मर्यादा). त्यामुळे वजन दुप्पट व्हायला साधारण ३ ते ३.५ कोटी वर्षं लागतात. मेलेल्या ताऱ्याचं १०० सूर्यांचं विवर धरलं, तर २४ वेळा दुप्पट व्हायला हवं. म्हणजे ७२ ते ८४ कोटी वर्षं, तीही एक घास न चुकवता. अख्खं विश्वच ६७ कोटींचं! माझं स्पष्ट मत: महास्फोटाच्या कालरेषेलाच हात घाला. नारळीकर सर उगाच आयुष्यभर शंका घेत नव्हते.

खोडरबर: साफ असहमत. नातू पाचवीत सहा फूट झाला म्हणून कोणी आजोबांचा जन्मदाखला खोटा ठरवत नाही. आधी जन्माचं वजन विचारा. वायूचा ढग तारा न बनताच थेट कोसळला, तर सुरुवातच १ लाख सूर्यांपासून होते. मग १४ वेळा दुप्पट पुरे, ४२ ते ४९ कोटी वर्षं. बसलं की गणित! खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन आणि सहकाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं की अशा दीर्घिकेत विवराचं वजन ताऱ्यांच्या एकूण वजनाच्या तोडीचं असेल (आज ते हजारांश वगैरे असतं). २०२३ मध्ये यूएचझेड१ ही दीर्घिका नेमकी तशीच सापडली, विश्व ४७ कोटी वर्षांचं असतानाची. अबेल २७४४ या दीर्घिकासमूहाचं गुरुत्वीय भिंग (मागून येणारा प्रकाश वाकवून मोठा करणारं), चंद्रा दुर्बिणीचे क्ष-किरण आणि जेम्स वेब अवकाश दुर्बीण, तिघं मिळून.

रात्रपाळी: एका यूएचझेड१ वर एवढी उडी? ढग थेट कोसळायचा तर त्यातले हायड्रोजनचे रेणू मोडायला हवेत, नाहीतर तो थंड होऊन त्याचे तुकडे पडतात. त्यासाठी शेजारी अतिनील किरण ओतणारी दीर्घिका हवी, तीही अगदी वेळेवर. इतका सोयीचा शेजारी मला आमच्या सोसायटीत तरी मिळालेला नाही.

तिसरा_चहा: दोघेही वजनकाट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवताय. जेम्स वेबला दिसलेल्या त्या लहान लाल ठिपक्यांमध्ये (आरंभीच्या विश्वातल्या छोट्या, लालसर वस्तू) विवराचं वजन काढतात ते वर्णरेषेच्या, म्हणजे वायूच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषेच्या, रुंदीवरून. रेषा रुंद म्हणजे वायू वेगात, म्हणजे विवर जड. पण दाट वायूतल्या इलेक्ट्रॉनांवर प्रकाश विखुरला तरी रेषा रुंदावते, आणि मग वजन कित्येक पटींनी फुगतं. जे०३१३ यातून सुटतो, हे मान्य. बाकीच्यांचं आधी नीट मोजू द्या.

खोडरबर: +१. आणि @रात्रपाळी, नारळीकरांचं नाव घेताय तर पूर्ण घ्या. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत महास्फोटाला पर्याय मांडला, तेव्हा सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचं (सगळ्या आकाशातून येणारं, महास्फोटाची उरलेली ऊब मानलं जाणारं) उत्तरही दिलं होतं: ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा फेकलेला. मला ते पटत नाही, पण उत्तर होतं. तुमच्या कालरेषेत त्या प्रारणाचं काय?

रात्रपाळी: त्याचं उत्तर नाही माझ्याकडे. बरं, जन्मदाखला कपाटात ठेवतो. पण तो शेजारी दाखवल्याशिवाय तुमचं एक लाखाचं बाळ मी मानणार नाही.

तिसरा_चहा: अशी बाळं एकमेकांवर आदळली तर त्यांच्या गुरुत्वलहरी (अवकाशातच उठणारे तरंग) लिसा या नियोजित अंतराळ वेधशाळेला ऐकू येतील. उड्डाण २०३५ च्या सुमारास. तोवर धागा वर काढत राहा.