मदत हवी आहे: ३एस बॅटरीवर ७८०५ रेग्युलेटर तापतो, आरसी (रिमोटवरचा) ट्रक मध्येच बंद पडतो

नमस्कार मंडळी,

१/१० मापाचा, ब्रश मोटरवाला ट्रक आहे. ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटात) बीईसी, म्हणजे रिसीव्हर-सर्व्होला कमी व्होल्टेज पुरवणारा भाग, नाही. म्हणून रिसीव्हर आणि स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) दोन्ही एकाच ७८०५ वर, म्हणजे ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरवर, चालतात. २एस (दोन सेलच्या) लायपो बॅटरीवर कधी तक्रार नव्हती. ३एस (तीन सेलची) लावल्यापासून थोडा वेळ पळवला की आधी स्टिअरिंग ढिलं पडतं, मग रिसीव्हरचा दिवा जातो आणि ट्रक जागेवर उभा. जरा गार होऊ दिला की पुन्हा चालू.

बंद पडल्या पडल्या मल्टिमीटर लावला. इनपुटला ११ व्होल्टच्या वर, आउटपुटला ३ सुद्धा नाहीत. म्हणजे बॅटरी, कनेक्टर ठीक. रेग्युलेटरच तापून हात आखडता घेतोय.

हिशोबही तेच सांगतो. सतत वळणं घेताना साधारण १ अँपियर धरला, तर भरलेल्या २एसवर (८.४ − ५) म्हणजे ३.४ वॅट उष्णता. ३एसवर (१२.६ − ५) म्हणजे थेट ७.६ वॅट, दुपटीहून जास्त! छोटं यू आकाराचं हीटसिंक आहे, पण चिखलपाण्यासाठी डबा सिलिकॉनने बंद केलाय, आतली गरम हवा जाणार कुठे? मोठं हीटसिंक त्याच डब्यात कोंबण्यात मला अर्थ वाटत नाही.

आधी ७८०५ च्या इनपुटला ४ ओहमचा रेझिस्टर लावून उष्णता वाटून घ्यायचा विचार केला होता. पण सर्व्होने १.५ अँपियर खेचला की त्यातच ६ व्होल्ट जातात, उरतात ६.६, ७८०५ ला तर किमान ७ लागतात. आणि चाक दगडात अडकलं की हा सर्व्हो २ अँपियरच्या वर जातो. तो मार्ग बाद.

आता मनात हे आहे: सर्व्होसाठी एलएम२५९६ चं बक मॉड्यूल (स्विचिंग करून, फार न तापता व्होल्टेज उतरवणारं) आणि ७८०५ वर फक्त रिसीव्हर. रिसीव्हर ०.१ अँपियरही घेत नाही, म्हणजे पाऊण वॅटच्या आत काम होईल. सर्व्होची लाल वायर रिसीव्हरपासून तोडून बकला, ग्राउंड मात्र दोघांचं एकच.

ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सांगा: मॉड्यूलवर ३ अँपियर लिहिलेलं असतं, पण बंद डब्यात सलग किती धरायचे? बकच्या स्विचिंगचा २.४ गिगाहर्ट्झच्या रेंजवर परिणाम जाणवला का, अँटेनापासून किती लांब ठेवलंत? सर्व्होजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो की १००० चा लावू? की हे सगळं सोडून ५ अँपियरचा तयार यूबीईसीच (वेगळा मिळणारा बीईसी) घ्यावा?