गॅलरीसमोर मोबाईल टॉवर उभा राहिलाय, रेडिएशनची मोजणी कशी करून घ्यायची? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहते. समोरच्या दुमजली इमारतीच्या गच्चीवर टॉवर बसवलाय. अँटेनाचे ते उभे पांढरे डबे बरोबर आमच्या गॅलरीच्या उंचीला आलेत, मधे फक्त रस्ता. सासूबाईंनी गॅलरीत बसणंच सोडलंय, आणि शेजारच्या वहिनींना पाचवा महिना, त्यांची तर झोप उडालीय.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये नुसता गोंधळ. एकजण म्हणे टॉवर हटवा, दुसरा म्हणे मग रेंजचं काय, आणि तिसरे काका फोनला चिकटवायचे 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर विकायलाच घेऊन आले होते! (लहरी खरंच अडल्या तर फोन लागणार कसा, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.)

वाचून एवढं कळलं की 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडे टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. 900 मेगाहर्ट्झच्या लहरींना दर चौरस मीटरला 0.45 वॅट. हँडसेटचा हिशोब वेगळा, शरीरात किती ऊर्जा शोषली जाते त्याचा : 1.6 वॅट प्रति किलो. *#07# दाबल्यावर माझ्या फोनचे आकडे आले, ते त्याच्या आत आहेत.

पण टॉवरचा आकडा कुणाला विचारायचा? आणि 'टॉवरच्या खाली राहणाऱ्यांना जास्त त्रास' असं सगळे म्हणतात, मग समोर राहणाऱ्यांचं काय?

प्रतिसाद १

ताई, उलटं आहे. अँटेनाचा मुख्य झोत जवळपास आडवा, किंचित खाली झुकून जातो. बरोबर खालच्या घरात तो कमी पोचतो. तुमची गॅलरी समोर आणि त्याच उंचीला आहे, म्हणजे मोजणी मागायला तुमचं कारण सगळ्यात पक्कं. अंतर दुप्पट झालं की तीव्रता साधारण चौथाईवर येते, त्यामुळे रस्त्याची रुंदी पण नोंदवून ठेवा.

दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' पोर्टल 2017 मध्ये सुरू झालं. त्यावर आपल्या भागातले टॉवर नकाशावर दिसतात, आणि फी भरून मोजणीची मागणी करता येते. फी 4000 रुपये ठेवली होती, सोसायटीत वाटून घेतली तर काही जड नाही. आधी पोर्टलवर सध्याची रक्कम बघा.

कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरी '2बी' गटात टाकल्या : शक्यता आहे, पुरावा मर्यादित. क्ष-किरणांसारखी अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद यांच्यात नसते, मर्यादा ठरवताना मुख्य विचार शरीर तापण्याचा केलाय.

एक मात्र सोसायटीत सांगाच. रेंज कमी असेल तिथे फोन स्वतःची पॉवर वाढवतो, आणि तो तर कानालाच लावलेला असतो. टॉवर लांब गेला तर ही बाजू वाढते. वहिनींना इअरफोन लावून किंवा स्पीकरवर बोलायला सांगा.

धागालेखिका

धन्यवाद दादा! आमच्या मागच्या खोलीत एकच दांडी असते आणि सासूबाई तासन्‌तास तिथंच माहेरी बोलत असतात. 😅 आता एक शेवटचं : मोजणी करायला येतात ते नुसतं रस्त्यावर उभं राहून मोजतात, की गॅलरीत मीटर लावा असं आपण सांगू शकतो? कुणी करून घेतली असेल तर कृपया लिहा, रविवारी मीटिंग आहे.