आजोबांच्या १९८४ च्या दाव्याचे कागद स्मॉल कॉज कोर्टातून कसे काढायचे?

खोली_नंबर_१४ :
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमची गिरगावात चाळीत पागडीची खोली आहे, चाळ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) आहे आणि आता रीडेव्हलपमेंटचं चाललंय. भाडेकरूंची यादी लावली त्यात आमच्या खोलीपुढे 'वादग्रस्त' लिहिलंय, कारण जुन्या भाडेपावत्या आजोबांच्या चुलत्यांच्या नावाने आहेत. ते वारल्यावर मालक पावती आजोबांच्या नावाने करेना म्हणून आजोबांनी कोर्टात दावा लावला होता आणि ते जिंकले होते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण घरात निकालाचा कागद नाही. सापडलं काय तर ट्रंकेच्या तळाशी वकिलांनी पाठवलेलं एक पोस्टकार्ड, निळ्या शाईतलं, 'आपला आर.ए.डी. सूट नंबर ३_१७ सन १९८४ बोर्डावर आहे, मूळ रेशनकार्ड घेऊन यावे'. मधला आकडा कसरीने खाल्लाय. ई-कोर्ट्सच्या साईटवर आजोबांचं नाव टाकून दोन रात्री घालवल्या, काहीच येत नाही. ओळखीतून एक एजंट आला, ८ हजार सांगितले, ३ हजार घेऊन गेला तो फोनच उचलत नाही. पप्पा ७१ वर्षांचे आहेत, त्यांची झोप उडालीये. सुरुवात कुठून करू? माहिती अधिकार टाकू का?

फोर्टचा_जुना_क्लार्क :
दादा, आधी पोस्टकार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घाल आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेव, सगळं त्याच्यावर चालणार आहे. मी वकिलांकडे क्लार्क म्हणून आयुष्य काढलंय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

माहिती अधिकाराचा नाद सोड. न्यायालयीन फाईलच्या नकला कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्यायच्या, माहिती अधिकारात नाही, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सांगून टाकलंय. अर्ज करशील, महिना जाईल आणि उत्तर येईल की नक्कल विभागात या.

आर.ए.डी. म्हणजे रेंट ॲक्टखालचा डिक्लरेशनचा दावा, भाडेकरू स्वतः लावतो, की मला कायदेशीर भाडेकरू ठरवा. मालकाने खोली खाली करून मागितली की तो आर.ए.ई. हे आधी समजून घे कारण रजिस्टरं प्रकारानुसार वेगळी असतात, चुकीचं रजिस्टर मागितलंस तर 'नोंद नाही' म्हणून परत येशील आणि तुला वाटेल केसच झाली नव्हती. मुंबईत घरमालक-भाडेकरू वाद सिटी सिव्हिल कोर्टाला जात नाही, स्मॉल कॉजलाच म्हणजे लघुवाद न्यायालयातच जातो, १९४७ च्या रेंट ॲक्टपासून तसंच आहे आणि आता १९९९ च्या कायद्यातही तेच. गिरगावची खोली म्हणजे धोबीतलावची मेन बिल्डिंग. बांद्र्याची शाखा उपनगरांसाठी, तिकडे जाऊ नकोस.

ई-कोर्ट्सवर न मिळणं म्हणजे काही वाईट नाही. तिथे कॉम्प्युटरवर चढलेलीच प्रकरणं दिसतात, तेव्हा निकाली निघालेल्या केसेस बऱ्याचशा वहीतच आहेत. तरी एकदा 'डिस्पोज्ड' वर टिक करून मालकाच्या नावाने बघ, लोक फक्त 'पेंडिंग' बघून उठतात.

आता खरं काम. धोबीतलावला जाऊन सर्चचा, म्हणजे जुनी नोंद शोधायचा, अर्ज द्यायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात १९८४ चं आर.ए.डी. सूट रजिस्टर बघायचंय असं स्पष्ट लिही, दोन्ही पक्षांची नावं, चाळीचा पत्ता, आणि नंबर ३_१७ मधला एक आकडा वाचता येत नाही हेही लिही. घाबरू नकोस, फार तर १० नोंदी तपासायच्या आहेत. रजिस्टरं इंग्रजीत, हाताने लिहिलेली असतात, सावंतचं स्पेलिंग तीन जणांनी तीन प्रकारे केलेलं मी बघितलंय, म्हणून आडनावाबरोबर चाळीचं नाव आणि मालकाचं नाव पण बघत जा. नोंद सापडली की निकालाची तारीख आणि कोर्टरूम नंबर तिथेच मिळतो, मग रेकॉर्ड रूममधून फाईल मागवता येते.

फाईल आली की आधी इन्स्पेक्शनचा अर्ज कर आणि स्वतः डोळ्यांनी बघ, मग नक्कल माग. सगळी फाईल मागू नकोस, पैसे आणि दिवस दोन्ही वाया. तुला निकालपत्र, डिक्री म्हणजे हुकूमनामा, दाव्याची प्रत आणि रोजनामा एवढं पुरे. रोजनामा, म्हणजे तारखेवार काय झालं त्याची कोर्टाची नोंद, विसरू नको, कधी कधी कन्सेंट टर्म्सवर म्हणजे आपसातल्या तडजोडीवर मिटलेलं असतं आणि ते कळतं रोजनाम्यावरूनच. नक्कल सर्टिफाईडच घे, साधी झेरॉक्स कोणी मानणार नाही.

आजोबा पक्षकार होते म्हणून पप्पा वारस म्हणून अर्ज करतील. आजोबांचा मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा कागद, पप्पांचं आधार आणि एक ॲफिडेव्हिट जोड. तिऱ्हाईताला कारण दाखवून परवानगी काढावी लागते, तुम्हाला ते सोपं जाईल. आणि एजंट नको रे बाबा, हे काम खिडकीवर उभं राहूनच होतं.

काळाचौकीची_सून :
काका म्हणतात ते सगळं बरोबर, पण आमच्याकडे एक वेगळीच गोष्ट झाली ती सांगते कारण तिच्यात आमचे पाच महिने गेले. रजिस्टरमध्ये नोंद मिळाली, सासऱ्यांचं नाव, सगळं जुळलं, आणि रेकॉर्ड रूममधून उत्तर आलं की फाईल जागेवर नाही. मी तिथेच बाकावर बसून रडले खरंच. मग एका शिरस्तेदार बाईंनी रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात बोट ठेवून दाखवलं, तिथे लाल शाईत बारीक लिहिलेलं की अपील झालंय. म्हणजे मालक स्मॉल कॉजच्याच अपील बेंचकडे गेला होता आणि तिथूनही हरल्यावर हायकोर्टात रिट केलेलं. अशा वेळी खालच्या कोर्टाचं सगळं रेकॉर्ड वर मागवतात, आर अँड पी म्हणतात त्याला, आणि आमची फाईल त्याबरोबर वरच राहिली होती. हायकोर्टात अपेलेट साईडला रिटचा नंबर शोधून अर्ज केला तेव्हा मिळाली.

म्हणून दादा, रजिस्टर बघताना शेवटचे रकाने नक्की वाच, सोबतच्या माणसाला पण वाचायला सांग. आणि फाईल खरंच नष्ट केली असं सांगितलं तर तोंडी ऐकून घरी येऊ नकोस, तसा लेखी शेरा माग आणि सूट रजिस्टरमधल्या नोंदीची तरी सर्टिफाईड कॉपी घे. काहीच नसण्यापेक्षा ती नोंद बरी, त्यात निकाल कोणाच्या बाजूने ते असतं.

बोरिवली_पूर्व :
विषयाला धरून एक विचारू का, रीसेल फ्लॅट घेतोय, विकणाऱ्या भावाभावांत वाद आहे असं कानावर आलंय. कोर्टात केस आहे का हे मला कसं कळणार, मी तर कोणीच नाही त्यात?

फोर्टचा_जुना_क्लार्क :
उपनगरातला वाटणीचा दावा असेल तर सिटी सिव्हिलची दिंडोशी शाखा बघ, ई-कोर्ट्सवर विकणाऱ्या सगळ्या भावांची नावं एकेक करून, वेगवेगळी वर्षं टाकून. पण फोर्टचं सिटी सिव्हिल पण बघ आणि हायकोर्टाची ओरिजिनल साईड पण, जिथे दावे थेट हायकोर्टातच लागतात. मोठ्या रकमेचे दावे हायकोर्टात जायचे, २०१२ मध्ये सिटी सिव्हिलची मर्यादा १ कोटी झाली तेव्हा गठ्ठेच्या गठ्ठे खाली आले आणि त्यांना नवे नंबर पडले. जुना हायकोर्टाचा नंबर घेऊन फिरणारी माणसं अजून भेटतात. मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, मात्र हायकोर्टातच, टेस्टामेंटरी डिपार्टमेंटला विचार.

आणि मुंबईची एक खास गोष्ट. इथे मिळकतीवर दावा चालू आहे म्हणून खरेदीदाराला बांधून घ्यायचं असेल तर लिस पेंडन्सची (दावा चालू असल्याची) नोटीस सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करावी लागते, १९३९ पासूनची दुरुस्ती आहे आपल्याकडची. त्यामुळे इंडेक्स टूचा, म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्तांच्या सूचीचा, सर्च घेशील तेव्हा नुसती खरेदीखतं नको बघूस, अशी नोटीस लागलीये का तेही बघ. पण नोटीस नाही म्हणजे दावा नाही असं धरून चालू नकोस, कोर्टाचा सर्च वेगळा घ्यायचाच.

खोली_नंबर_१४ :
सगळ्यांचे मनापासून आभार, अपडेट देतोय. तीन खेपा झाल्या. पहिल्या दिवशी अर्जावर चाळीचं आत्ताचं नाव लिहिलं होतं म्हणून काही मिळेना, जुनं नाव लिहिल्यावर दुसऱ्या खेपेला नोंद लागली, खाल्लेला आकडा ६ होता. अपील नाही, शेवटचा रकाना कोरा, ताई तुमच्यामुळे मुद्दाम बघितला. काल फाईल बघायला मिळाली. पिवळट कागद, कडा नुसत्या हात लावला तरी तुटत होत्या, माणूस समोर बसून होता आणि एकेक पान मीच हळू उलटत होतो. वकालतनाम्यावर आजोबांची सही मोडीत आहे, आम्हाला घरात कोणाला माहीतच नव्हतं ते मोडी लिहायचे. पप्पा बराच वेळ त्याच पानावर थांबले.

निकाल साडेचार पानांचा आहे, ते चुलत्यांबरोबर त्याच खोलीत राहत होते हे कोर्टाने रेशनकार्डावरून मानलंय, आणि ऑगस्ट १९८९ ची तारीख आहे. यादीसाठी १३ जून १९९६ च्या आधीचा भाडेकरू असल्याचा पुरावा मागतायत, हा त्याच्या जवळजवळ सात वर्षं आधीचा. अर्जंट कॉपीचा अर्ज टाकलाय, निकाल, डिक्री आणि रोजनामा तिन्हीचा, दोन-दोन प्रती. काका, एक राहिलं, त्या 'वादग्रस्त' शेऱ्यावर म्हाडात हरकत द्यायचीये, तिच्याबरोबर सर्टिफाईड कॉपी मूळच द्यायची का तिची झेरॉक्स चालते?

फोर्टचा_जुना_क्लार्क :
मूळ हातातून सोडू नकोस. दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची, तारखेसकट शिक्का. पप्पांना नमस्कार सांग.