पिसवा-गोचिडांची गोळी चालू असताना हार्टवर्मचं औषध वेगळं द्यायचं का?

काळाकान:

कुत्रा ३ वर्षांचा, बॉर्डर कोली संकर. पिसवा-गोचिडांवरची फ्लुरालॅनरची १२ आठवडे चालणारी गोळी ९ दिवसांपूर्वी दिली. वजन १९ किलो धरून १० ते २० किलोच्या पाकिटातली दिली होती, पण काल काट्यावर २१.५ भरलं. कालच कानाच्या पाळीत दोन गोचीड सापडले, एक चांगला फुगलेला. म्हणजे गोळी फुकट गेली का?

दुसरं, हार्टवर्मची (हृदयातल्या कृमीवरची) आयव्हरमेक्टिनची महिन्याची गोळी गेले ३ महिने राहिली आहे. गोचिडाची गोळी चालू असताना तीही लागतेच का? आणि लागत असेल तर जनावरांना टोचायचं आयव्हरमेक्टिन मोजून तोंडाने दिलं तर चालेल का, औषध तेच आहे ना? घरात मांजरही आहे, दोघं एकाच गादीवर झोपतात.

---

थेंबथेंब:

हार्टवर्मपासून सुरुवात करतो, कारण गोचीड निदान डोळ्यांना दिसतात.

फ्लुरालॅनर हार्टवर्मला शिवतही नाही. पाकिटावरच्या घटकाचं नाव वाचायची सवय लावा. शेवट '-लॅनर' असेल (फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सारोलॅनर, लोटिलॅनर), तर औषध पिसवा आणि गोचिडांवरचं. आयव्हरमेक्टिन, सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन, मिल्बेमायसिन यांपैकी काही असेल, तर त्यात हार्टवर्मचं काम करणारं औषध आहे. दोन्ही गट एकाच गोळीत असलेली मिश्र औषधंही मिळतात. ती चालू असेल तर वेगळी हार्टवर्मची गोळी द्यायची नाही, नाहीतर एकाच गटाचे दोन डोस पोटात जातात.

आता ३ महिन्यांचा खंड. हार्टवर्म डासातून येतो. डास चावताना तिसऱ्या अवस्थेतली अळी कातडीत शिरते, ३ ते १२ दिवसांत चौथ्या अवस्थेत जाते आणि साधारण ५० ते ७० दिवसांत कोवळा प्रौढ कृमी होऊन पुढे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांकडे निघते. महिन्याची गोळी पुढच्या महिन्यासाठी कवच वगैरे काही घालत नाही. मागच्या महिन्याभरात शिरलेल्या तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतल्या अळ्या ती मारते. एखादी अळी त्या वयापलीकडे गेली, की तिच्यावर या डोसचा भरवसा धरता येत नाही. तुमच्याकडे नेमकी तेवढी फट पडली आहे.

म्हणून आता करायचं ते असं. व्हेटकडे रक्ताची अँटिजेन टेस्ट आणि सोबत मायक्रोफिलारियासाठी (रक्तात फिरणाऱ्या हार्टवर्मच्या सूक्ष्म पिल्लांसाठी) रक्ताचा थेंब तपासून घ्या, आणि लगेच महिन्याचं औषध पुन्हा सुरू करा. टेस्ट निगेटिव्ह आली तरी ६ महिन्यांनी पुन्हा करा. अँटिजेन टेस्ट प्रौढ मादी कृमीचा अंश पकडते आणि संसर्गानंतर तो रक्तात दिसायला साधारण ६-७ महिने जातात. दोन महिन्यांपूर्वी लागण झाली असेल तर आजची टेस्ट खुशाल निगेटिव्ह येईल. आजची टेस्ट आधीच्या लागणीबद्दल सांगते, सहा महिन्यांनंतरची या खंडाबद्दल.

चुकलेले डोस भरून काढायला दोन-तीन गोळ्या एकदम देऊ नका. आणि टेस्ट न करता मिल्बेमायसिन सुरू करू नका. रक्तात मायक्रोफिलारिया भरपूर असतील तर ते झपाट्याने मरतात आणि कुत्र्याला शॉकसारखी प्रतिक्रिया येऊ शकते: हिरड्या फिक्या, धाप, ढेपाळणं. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तो वेगळाच उपचार आहे, प्रौढ कृमी मारणाऱ्या मेलार्सोमिनची इंजेक्शनं आणि महिनोन्‌महिने धावपळ बंद. प्रतिबंधाच्या गोळीने तो टळत नाही.

---

मापटं:

जनावरांच्या आयव्हरमेक्टिनबद्दल. औषध तेच, पण तीव्रता वेगळी, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

हार्टवर्मसाठी आयव्हरमेक्टिनचा डोस किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. २१.५ किलोला १२९ मायक्रोग्रॅम. १ टक्क्याच्या इंजेक्शनात एका मिलीलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे तुम्हाला लागणार ०.०१३ मिली. एक मिलीच्या सिरिंजवर सगळ्यात बारीक रेघ ०.०१ मिलीची असते, आणि सुईच्या बुडाशी अडकून राहणारा थेंबच त्याहून मोठा. हात हलून ०.१ मिली गेलं तर सुमारे आठपट डोस. कुणीतरी 'अर्धा मिली पाज' सांगितलं आणि पाजलं, तर किलोमागे २३० मायक्रोग्रॅमच्या वर.

पाण्यात पातळ करून मोजू असं मनात येईल. ते पाण्यात नीट विरघळत नाही. पहिल्या चमच्यात किती आलं आणि तळाशी किती राहिलं ते कळायचा मार्ग नाही. पाठीवर ओतायचं जनावरांचं औषध तर वेगळ्याच द्रावकात असतं, ते कुत्र्यासाठी मुळीच नाही.

त्यात तुमचा कुत्रा कोली. या जातीत एमडीआर-१ जनुकातला दोष फार आढळतो. मेंदूत शिरलेलं औषध बाहेर ढकलणारा पंप त्यामुळे बिघडतो. अशा कुत्र्यांत किलोमागे १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, लडखडणं, लाळ, आंधळेपणा, कोमा असा क्रम दिसू शकतो. थेट उतारा नाही, फक्त आधार देणारे उपचार. ६ मायक्रोग्रॅमची तयार गोळी मात्र या कुत्र्यांनाही चालते. तेव्हा कुत्र्यांसाठीची, वजनगटाप्रमाणे बनवलेली गोळीच घ्या.

---

शेपूटवाकडी:

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. एमडीआर-१ चा दोष रफ आणि स्मूथ कोलीत खूप, साधारण १०० पैकी ७० कुत्र्यांत. ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये निम्म्यांत. बॉर्डर कोलीत तो ५ टक्क्यांहूनही कमी आहे. नावात कोली आहे म्हणून एकाच माळेत ओवू नये. पण प्रश्नातला कुत्रा संकर आहे आणि दुसरी बाजू कुठल्या जातीची ते माहीत नाही. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन जनुक तपासता येतो, आयुष्यात एकदाच करायची टेस्ट. रिपोर्ट येईपर्यंत दोष आहे असंच धरा.

एक मिश्रणही टाळा. पिसवांसाठी स्पिनोसॅडची गोळी दिलेली असताना खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस दिला, तर दोष नसलेल्या कुत्र्यालाही विषबाधा होऊ शकते, कारण स्पिनोसॅड तोच पंप अडवतं. खरजेचा डोस आणि हार्टवर्मचा डोस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंटरनेटवर हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळलेले असतात.

---

मापटं:

बरोबर, जातीच्या आकड्यात मी चुकलो. तयार गोळीच द्यायची, यात फरक पडत नाही.

---

गोचीडवेच्या:

गोळी फुकट गेलेली नाही. -लॅनर गटाची औषधं गोचिडाला दूर ठेवत नाहीत. गोचीड चढतो, चावतो, रक्ताबरोबर औषध पितो आणि मग मरतो. त्याला २४ ते ४८ तास लागू शकतात. त्यामुळे अंगावर गोचीड सापडणं हे अपयश नव्हे. ४८ तासांनंतरही फुगलेले, पाय हलवणारे गोचीड पुन्हा पुन्हा मिळत असतील तर मात्र कारण शोधायला हवं.

दोन कारणं इथेच दिसतात. एक वजन. १० ते २० किलोच्या गोळीत फ्लुरालॅनर ५०० मिलिग्रॅम असतं. २१.५ किलोला ते किलोमागे २३ पडलं आणि किमान लागतं २५. नवव्या दिवशी याचा फारसा फरक दिसणार नाही, पण शेवटच्या आठवड्यांत औषध लवकर विरेल. आत्ता मनानेच दुसरी गोळी देऊ नका, पुढची कधी द्यायची ते व्हेटशी बोलून ठरवा आणि ती २० ते ४० किलोच्या पाकिटातली असू द्या. वजन घरी करायचं तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. काटा आणि पाकिटाची सीमा यांत एखाद्या किलोचा फरक असेल तर व्हेटच्या काट्यावर खात्री करा.

दुसरं, ही गोळी जेवणाबरोबर द्यायची असते. उपाशीपोटी औषध कमी शोषलं जातं. रिकाम्या पोटी दिली होती का ते आठवा.

आणि १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. '३ महिने' लिहून ठेवलं की दर फेरीला आठवडाभर उघडा राहतो. गोळीचे तुकडेही करू नका. चघळायच्या गोळीत औषध सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच याची खात्री नसते.

गोचीड काढताना बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तोंडाशी धरा आणि न पिळता सरळ, सावकाश वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती उदबत्ती यातलं काही नको. त्याने तो आणखी लाळ सोडतो, म्हणजे रोग आत जाण्याचा धोका वाढतो. नखाने चिरडूही नका, स्पिरिटमध्ये बुडवा. कानांच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखाली, काखा, जांघा, शेपटीखाली रोज हात फिरवा. पुढचे तीन आठवडे ताप, खाणं सोडणं, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, लघवी गडद होणं यातलं काहीही दिसलं तर व्हेटला 'गोचीड सापडला होता' हे आधी सांगा. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडातून येणारे रोग तपासायला त्याने वेळ वाचतो.

---

मांजरमावशी:

मांजर घरात आहे हे वाचून राहवलं नाही. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांत परमेथ्रिन असेल तर ते मांजराला जीवघेणं ठरू शकतं. मांजराच्या यकृताला ते मोडून बाहेर टाकणं जमत नाही. मांजराला थेट लावणं तर नाहीच, पण ओल्या पाठीच्या कुत्र्याला चिकटून झोपलं किंवा त्याला चाटलं तरी थरथर आणि झटके सुरू होतात. तुमच्याकडे दोघं एका गादीवर झोपतात, तेव्हा परमेथ्रिनवालं काही आणूच नका. चुकून लागलंच तर भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, पुसून उबेत ठेवा, पाकीट घेऊन तडक व्हेटकडे. फिप्रोनिलचे थेंब मांजराला त्याच्या मापात चालतात, सशाला अजिबात नाहीत.

थेंब टाकताना केस दुभंगून कातडी दिसू द्या, ट्यूबचं टोक कातडीला टेकवून पिळा. केसांवर सांडलेलं फारसं उपयोगी पडत नाही. आधी-नंतर ४८ तास आंघोळ नको.

---

झाडूवाला:

पिसवांबद्दल कुणी बोललं नाही. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांपैकी जेमतेम ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या, कोष गादीत, सतरंजीत, फटींत. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. कोषावर फवारा फारसा चालत नाही, म्हणून चांगली गोळी देऊनही दोनेक महिने नव्या पिसवा दिसत राहतात आणि लोक औषध बदलत बसतात. औषध तेच ठेवा. रोज व्हॅक्यूम करा, कचऱ्याची पिशवी बाहेर टाका, दोघांची गादी ६० अंशांच्या पाण्यात धुवा, आणि मांजराला मांजराचं औषध चालू ठेवा. एकाच प्राण्याला औषध दिलं तर चक्र तुटत नाही.

---

काळाकान:

सगळ्यांचे आभार. गोळी रिकाम्या पोटीच दिली होती. उद्या टेस्टला नेतो. एक राहिलं: लहानपणी त्याला एकदा फिट आली होती, नंतर कधीच नाही. हे सांगायला हवं का?

---

थेंबथेंब:

हो, दारातच सांगा. -लॅनर गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये दिला आहे. बहुतेक कुत्र्यांना ती मानवतात, पण फिटचा इतिहास असेल तर व्हेट बहुधा दुसऱ्या गटाकडे वळतील, जसं फिप्रोनिलचे थेंब. फ्लुरालॅनर आता रक्तात आहे, ते परत काढता येत नाही. पुढचे आठवडे झटका, स्नायू उडणं किंवा लडखडणं दिसलं तर मोबाइलवर चित्रीकरण करा आणि लगेच दाखवा. घरी उलटी करवू नका, तोंडात काही घालू नका. आयव्हरमेक्टिनच्या तयार गोळीला या इतिहासाची आडकाठी सहसा नसते, पण तीही उद्या तिथेच विचारून घ्या. जाताना दोन्ही औषधांची रिकामी पाकिटं सोबत न्या.